शेवट आधीच ठाऊक असलेले कान : शुबर्टचा अखेरचा सोनाटा आणि चार वादक

१/
इतिहास शिकताना सुरुवातीलाच एक पथ्य सांगितले जाते. आपण ज्या माणसाविषयी लिहितो त्याला पुढे काय घडणार हे ठाऊक नव्हते. आपल्याला ते ठाऊक असते. आपले हे ज्ञान त्याच्या माथी मारू नये. कागदपत्रे वाचताना हे पथ्य बऱ्यापैकी पाळता येते. संगीत ऐकताना ते पाळणे फार अवघड जाते. आजचा धागा या अडचणीविषयी आहे. उदाहरणादाखल घेतला आहे फ्रान्झ शुबर्टचा अखेरचा पियानो सोनाटा आणि तो वाजवणारे चार थोर वादक : आर्टुर श्नाबेल, स्वियातोस्लाव रिख्टर, आल्फ्रेड ब्रेंडेल आणि आंद्राश शिफ.

२/
आधी कृतीची ओळख. बी फ्लॅट मेजरमधला हा सोनाटा ‘डी ९६०’ या क्रमांकाने ओळखला जातो. ‘डी’ म्हणजे डॉइच. ओटो एरिख डॉइच या अभ्यासकाने शुबर्टच्या रचनांची कालानुक्रमे सूची सिद्ध केली, तिच्यातला हा क्रमांक. हस्तलिखितावरची तारीख आहे २६ सप्टेंबर १८२८. शुबर्टचा मृत्यू झाला १९ नोव्हेंबर १८२८ रोजी, वयाच्या ३१व्या वर्षी. दोन तारखांमधले अंतर आठ आठवड्यांहूनही कमी. या सोनाटाभोवती जे काही धुके दाटले आहे त्याचा उगम या दोन तारखांच्या जवळिकीत आहे.

३/
सोनाटाचे भाग चार. पहिला ‘मोल्तो मोदेरातो’, म्हणजे अगदी मध्यम गतीचा. दुसरा संथ, सी शार्प मायनरमधला, दुःखाने भारलेला. तिसरा चपळ स्केर्झो. त्याच्या माथ्यावर ‘नाजूकपणे’ अशी सूचना आहे. चौथा भाग खेळकर म्हणावा असा. त्यात वारंवार एक एकटा ‘जी’ स्वर घुमतो, जणू वादकाने भलत्याच घराची कडी वाजवली आहे, आणि मग हसत हसत तो आपल्या घराकडे वळतो. शेवट धावत, लखलखीत होतो. हा शेवट ध्यानात ठेवावा. पुढे त्याची साक्ष काढायची आहे.

४/
पहिल्या भागाचा आरंभ प्रसिद्ध आहे. प्रार्थनेसारखी शांत, सलग चालणारी धून. ती पुरती विसावण्यापूर्वी, आठव्या बारात, पियानोच्या अगदी तळाशी खर्जात एक स्वर थरथरतो. (पाश्चात्त्य स्वरलिपीत उभ्या रेघांनी पाडलेल्या खंडाला ‘बार’ म्हणतात.) हा ‘जी फ्लॅट’वरचा ट्रिल. दोन लगतचे स्वर झपाट्याने आलटूनपालटून वाजतात आणि दूरवर ढग गडगडल्याचा भास होतो. सूचना आहे ‘अतिशय हळू’. मग क्षणभर शांतता. मग तीच धून, काही घडलेच नाही अशा थाटात पुन्हा सुरू होते.

५/
हा ट्रिल नुसती सजावट नव्हे. थोड्याच वेळात सारी धून त्या ‘जी फ्लॅट’च्या प्रदेशात जाऊन राहते. ज्या परक्या स्वराने दारात थाप दिली, तोच घरात पाहुणा होऊन बसतो. पुढे हा गडगडाट अधूनमधून परततो, आणि पहिल्या भागाच्या अगदी शेवटीही एकदा, पुन्हा तसाच हळू, ऐकू येतो. तो काय सांगतो? लोकप्रिय उत्तर ठरलेले आहे : मृत्यूची चाहूल. सीडीच्या वेष्टनावर, मैफलीच्या पत्रिकेत, चाहत्यांच्या चर्चेत हेच वाचायला मिळते. माझे म्हणणे असे की हे उत्तर संगीतातून जितके आले त्याहून अधिक त्या दोन तारखांमधून आले.

६/
या उत्तराचाही इतिहास आहे, आणि तो बाजारापासून सुरू होतो. सप्टेंबर १८२८मध्ये शुबर्टने तीन सोनाटा एकत्र पूर्ण केले. ‘डी ९६०’ त्यांतला तिसरा. ते छापले गेले त्याच्या मृत्यूनंतर सुमारे दहा वर्षांनी, विएन्नाच्या दियाबेली या प्रकाशकाकडून. शुबर्टला ते योहान नेपोमुक हुमेल या पियानोवादकाला अर्पण करायचे होते. पण हुमेल १८३७मध्ये वारला होता, म्हणून प्रकाशकाने अर्पणपत्रिकेत रॉबर्ट शुमनचे नाव घातले. आणि मुखपृष्ठावर जाहिरात केली की ही शुबर्टची ‘सर्वांत अखेरची रचना’ आहे.

७/
हे विधान खरे नव्हते. या सोनाटांनंतर, ऑक्टोबर १८२८मध्ये, शुबर्टने ‘खडकावरचा मेंढपाळ’ हे आवाज, क्लॅरिनेट आणि पियानो यांच्यासाठीचे दीर्घ गीत रचले. ‘कबुतराची टपाल’ हे प्रसन्न गाणेही त्याच महिन्यातले. म्हणजे कालक्रमाने पाहिले तर शुबर्टचे अखेरचे शब्द वसंताची आणि प्रेमाच्या निरोपांची गाणी गातात. परंतु ‘सर्वांत अखेरची रचना’ हे शब्द विक्रीला सोयीचे होते, आणि एकदा छापलेले विशेषण सहसा पुसले जात नाही. ऐकणाऱ्याच्या कानात शेवट आधीच भरून ठेवण्याचे काम पहिल्या आवृत्तीच्या मुखपृष्ठानेच केले.

८/
ज्याला हे सोनाटा अर्पण झाले त्या शुमनने १८३८मध्ये आपल्या नियतकालिकात त्यांचे परीक्षण लिहिले. त्यातली त्याची एक शंका आजही ताजी वाटते. रचनेचा काळ ज्याला ठाऊक नाही तो कदाचित हिच्याविषयी वेगळे मत बनवील, असे तो सुचवतो. स्वतः आपणही ती आधीच्या काळातली मानली असती, अशीही कबुली देतो. आणि शेवटाविषयी त्याचा अभिप्राय असा की दुसऱ्या दिवशी पुन्हा नव्याने सुरुवात करता येईल अशा हलक्या, आनंदी मनाने हे संगीत संपते. निरोपाची सावली पहिल्या चिकित्सक वाचकाला दिसली नव्हती. त्याला उद्याची खात्री दिसली.

९/
आता शुबर्टचा त्या वर्षीचा शरद ऋतू पाहू. सप्टेंबरच्या आरंभी तो विएन्नात भाऊ फर्डिनांड याच्या घरी राहायला गेला. २ ऑक्टोबरला त्याने लाइपझिगच्या प्रोब्स्ट या प्रकाशकाला पत्र लिहून हे तीन सोनाटा देऊ केले. त्याच महिन्यात तो भाऊ आणि मित्रांसह पायी आयझेनश्टाटला गेला; हायडनची कबर तेव्हा तिथे होती. आणि ४ नोव्हेंबरला, मृत्यूच्या १५ दिवस आधी, तो सिमोन झेख्टर या शिक्षकाकडे काउंटरपॉइंटचा पहिला धडा घेऊन आला. स्वरांच्या समांतर ओळी गुंफण्याचे हे शास्त्र आपल्याला आणखी पक्के यायला हवे, असे त्याला वाटत होते. शिकवणी लावणारा माणूस निरोप घेत नसतो.

१०/
इथे प्रामाणिक वाचक आक्षेप घेईल, आणि तो आक्षेप वजनदार आहे. शुबर्ट १८२२ च्या अखेरीपासून आजारी होता. तो आजार सिफिलिस होता असे बहुतेक चरित्रकार मानतात. ३१ मार्च १८२४ रोजी चित्रकार मित्र कुपेलवीझरला लिहिलेल्या पत्रात त्याने स्वतःला जगातला सर्वांत दुःखी, हतभागी माणूस म्हटले आहे. आपली प्रकृती पुन्हा कधीच सुधारणार नाही हे त्याला कळून चुकले होते. तेव्हा खर्जातल्या त्या गडगडाटात भीती ऐकणे म्हणजे निव्वळ पश्चातबुद्धी, असे म्हणता येणार नाही. ती भीती त्याच्या आयुष्यात होतीच.

११/
आक्षेप मान्य. पण त्याने सिद्ध काय होते ते नेमके पाहावे. शुबर्ट सहा वर्षे एका सावलीसोबत जगत होता, हे सिद्ध होते. तो आठ आठवड्यांत मरणार आहे हे त्याला माहीत होते, हे सिद्ध होत नाही. सावली घेऊन जगणे आणि निरोप घेणे या दोन वेगळ्या अवस्था आहेत. पहिलीत उद्याचे बेत असतात, दुसरीत नसतात. सोनाटाचा खर्जातला ट्रिल आणि शेवटच्या भागातले हसू दोन्ही एकत्र बसतात ते पहिल्या अवस्थेत. निरोपाच्या कथेत तिसऱ्या-चौथ्या भागांना जागाच उरत नाही. ज्या कथेत निम्मे दस्तऐवज बसत नाहीत ती कथा इतिहासकाराने तपासून घ्यावी.

१२/
आता वादकांकडे. आपल्या कानांना एक गोष्ट परिचित आहे : बंदिश एकच, मांडणी घराण्यागणिक आणि गायकागणिक वेगळी. पाश्चात्त्य अभिजात संगीतात वादकाच्या हाती प्रत्येक स्वर लिहून दिलेला असतो, त्यामुळे वेगळेपणाला वावच नसेल असे वरवर वाटते. प्रत्यक्षात लय, दाब, विराम, स्वरांमधला तोल या साऱ्यांचा निर्णय वादकाचाच. शुबर्टने या सोनाटाला मेट्रोनोमचा आकडा दिलेला नाही. ‘अगदी मध्यम’ म्हणजे किती, हे वादकाने ठरवायचे. याच दोन शब्दांवरून वाटा फुटतात.

१३/
पहिला साक्षीदार आर्टुर श्नाबेल (१८८२–१९५१). आज नवल वाटेल, पण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शुबर्टचे सोनाटा मैफलीत क्वचितच वाजत. गाणी रचणारा, छोट्या गोड तुकड्यांचा संगीतकार, अशी त्याची ओळख होती. श्नाबेल विएन्नात थिओडोर लेशेटिट्स्की यांच्याकडे शिकले, आणि या दुर्लक्षित सोनाटांकडे बोट दाखवले ते त्या गुरूंनीच. बेथोव्हेनचे सर्व ३२ सोनाटा प्रथम ध्वनिमुद्रित करणारे वादक हेच. १९३९मध्ये त्यांनी लंडनमध्ये ‘डी ९६०’ तबकड्यांवर उतरवला. हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३मध्येच या ज्यू कलावंताला बर्लिन सोडावे लागले होते.

१४/
श्नाबेल यांच्या वादनात पहिला भाग चालतो. अक्षरशः चालतो, पावले पडत आहेत, रस्ता पुढे सरकतो आहे असे वाटते. धून गाण्यासारखी श्वास घेते, वाक्य संपले की पुढचे वाक्य सुरू होते. ट्रिल येतो, नोंद होते, प्रवास थांबत नाही. काही ठिकाणी बोटे अडखळतात, तरी दिशा हरवत नाही. मृत्यूची कथा शोधणाऱ्याला हे वादन कोरडे वाटेल. मला त्यात आयझेनश्टाटपर्यंत पायी जाणारा माणूस ऐकू येतो. हेही आपल्या मनचे चित्रच. पण हे चित्र निदान त्या महिन्यातल्या कागदपत्रांशी विसंगत नाही.

१५/
दुसरा साक्षीदार स्वियातोस्लाव रिख्टर (१९१५–१९९७). इथे सारे उलटते. रिख्टर यांच्या हाती पहिला भाग इतका सावकाश उलगडतो की सुरुवातीला लय चुकल्याचाच संशय यावा. १९७२ च्या ध्वनिमुद्रणात हा एकटा भाग २४ मिनिटांहून अधिक चालतो. धून पुढे जात नाही, एखाद्या गोठलेल्या तळ्यासारखी पसरते. ट्रिलनंतरची शांतता इतकी लांबते की ऐकणारा आपला श्वास रोखतो. वेळ मोजण्याची आपली सवयच हे वादन मोडून टाकते.

१६/
याच्या परिणामाची साक्ष एका अनपेक्षित माणसाने दिली आहे. कॅनडाचे पियानोवादक ग्लेन गूल्ड यांना शुबर्टच्या पुनरावृत्तींचा मनस्वी कंटाळा. १९५७ च्या आपल्या रशिया दौऱ्यात त्यांनी मॉस्कोत रिख्टर यांना हा सोनाटा वाजवताना ऐकले. इतकी संथ सुरुवात त्यांनी कधी ऐकली नव्हती. पुढचा तासभर आपण संमोहित झाल्यासारखे बसून होतो, शुबर्टविषयीचे सारे पूर्वग्रह गळून पडले, असे त्यांनी नंतर सांगितले. विरोधी पक्षाच्या साक्षीदाराने दिलेली अनुकूल साक्ष न्यायालयात आणि इतिहासात सारखीच मोलाची असते.

१७/
इथे तुलनेतला एक सापळा. श्नाबेल यांचा पहिला भाग सुमारे १४ मिनिटांचा, रिख्टर यांचा २४ हून अधिक. म्हणजे रिख्टर जवळजवळ पाऊणपट संथ, असा हिशेब पुष्कळदा मांडला जातो. तो चूक आहे. शुबर्टने पहिल्या भागाचा प्रारंभीचा मोठा खंड पुन्हा वाजवण्याचे चिन्ह घातले आहे. रिख्टर तो खंड दोनदा वाजवतात, श्नाबेल एकदाच. पुनरावृत्ती हिशेबात धरली की खरा फरक पाऊणपटीवरून तीस टक्क्यांच्या आसपास येतो. तोही मोठाच आहे. पण आकड्यांची तुलना करण्यापूर्वी दोन्हीकडे एकच वस्तू मोजली जात आहे ना, हे पाहावे लागते.

१८/
रिख्टर यांच्याविषयीची विसंगती इथेच उघड होते. सर्वांत विलक्षण, सर्वांत ‘स्वतःचे’ वाटणारे हे वादन करणारा माणूस लिखित संहितेच्या बाबतीत अत्यंत कर्मठ होता. वादकाचे काम संगीतकाराची इच्छा अमलात आणण्याचे, असे ते मानत. पुनरावृत्ती गाळणाऱ्यांवर त्यांचा राग असे. म्हणजे त्यांच्या लेखी ही लय स्वैर कल्पना नव्हती, ‘अगदी मध्यम’ या शब्दांचे ते त्यांचे वाचन होते. आणि हे वाचन रडवे नाही. त्यात हुंदका नाही, लाडिक रेंगाळणे नाही. ते जवळजवळ निर्विकार आहे. निरोपाची कथा रिख्टर सांगत नाहीत. ती आपण त्यांच्या शांततेत भरतो.

१९/
आता ज्या पुनरावृत्तीचा उल्लेख झाला तिच्या पोटातला खरा वाद. पुन्हा सुरुवातीला जाताना शुबर्टने नऊ बारांचा एक दुवा लिहिला आहे. पुनरावृत्ती केली तरच तो वाजतो. गाळली तर ते नऊ बार कायमचे मुके राहतात. त्यांत काय आहे? तुटक, अस्वस्थ, दचकवणारे संगीत, जे या भागात अन्यत्र कुठेच ऐकू येत नाही. आणि त्यांच्या अखेरीस तोच खर्जातला ट्रिल येतो, पण या वेळी पूर्ण जोराने. सबंध सोनाटात हा ट्रिल गर्जतो तो एवढ्या एकाच ठिकाणी. इतरत्र सर्वत्र तो कुजबुजतो.

२०/
तिसरे साक्षीदार आल्फ्रेड ब्रेंडेल (१९३१–२०२५). शुबर्टच्या सोनाटांना आजची प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत त्यांचा वाटा फार मोठा, वादक म्हणून आणि लेखक म्हणूनही. २००८मध्ये मैफलींचा निरोप घेताना त्यांनी आपल्या अखेरच्या कार्यक्रमांत हाच सोनाटा ठेवला होता. हा सोनाटा त्यांनी अनेकदा ध्वनिमुद्रित केला आणि ही पुनरावृत्ती ते गाळत. कानामागे टाकून नव्हे, लेखी कारणे देऊन. म्हणून त्यांचा पक्ष नीट मांडला पाहिजे.

२१/
ब्रेंडेल यांचे म्हणणे थोडक्यात असे. त्या नऊ बारांचा उरलेल्या संगीताशी सांधा जुळत नाही. ते आगंतुक आहेत. ट्रिलचे सारे गूढ त्याच्या दूरस्थपणात आहे. एकदा तो कानाशी गर्जला की गूढ संपले. शिवाय पुनरावृत्ती गाळली की पहिला खंड संपताच संगीत थेट सी शार्प मायनरमध्ये पाऊल टाकते, ती जादू अबाधित राहते. (सी शार्प मायनर म्हणजे पुढच्या शोकगर्भ भागाचे घर.) हा युक्तिवाद रचनेच्या सौंदर्याचा आहे, आणि त्यांचे वादन ऐकताना तो पटतो. रेषा स्वच्छ, तोल अचूक, काहीही उधळलेले नाही.

२२/
त्यांच्या बाजूने इतिहासातूनही एक मुद्दा काढता येईल. त्या काळी पुनरावृत्तीचे चिन्ह पुष्कळदा केवळ रिवाज म्हणून घातले जाई, आणि वादक ते सर्रास ओलांडत. त्यात ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांची भर पडली. तबकडीच्या एका बाजूवर चार-पाच मिनिटांचेच संगीत मावे. लांब भाग अनेक बाजूंवर तुकड्यातुकड्यांनी भरावा लागे. त्या काळच्या गाळलेल्या पुनरावृत्तींचा न्याय करताना ही अडचण लक्षात घ्यायलाच हवी. श्नाबेल यांनी एकदाच वाजवले, याचा दोष देताना हात आखडता घ्यावा तो यासाठी.

२३/
तरीही मला ब्रेंडेल यांचा निष्कर्ष मान्य नाही. रिवाजाचा मुद्दा जिथे नुसते चिन्ह आहे तिथे लागू पडतो. दोन ठिपके आणि दोन रेघा काढायला क्षणही लागत नाही. पण जिथे संगीतकाराने केवळ पुनरावृत्तीसाठी नऊ बारांचे नवे संगीत बसून लिहिले, तिथे रिवाजाची सबब संपते. ते बार वाजावेत म्हणूनच लिहिले गेले. आणि ‘ते इतरांशी जुळत नाहीत’ हे कारण तर पाठचिकित्सेच्या नियमाला उलटे जाते. दोन पाठांत जो अधिक अवघड, अधिक अनपेक्षित, तो सहसा मूळचा मानावा, असे आम्हाला शिकवतात. कारण नंतरचा हात नेहमी सोपे करतो, खडबडीत कोपरे घासतो. हे नऊ बार शुबर्टचे की नव्हे याविषयी कुणाची शंका नाही. मग आपल्या सुबक कल्पनेत न बसणारे त्याचे पान आपण का फाडावे?

२४/
आणि हे पान फाडल्याने नेमके काय हरवते ते पाहा. गर्जना ऐकलेल्या कानाला पुन्हा आरंभीची शांत धून ऐकू येते तेव्हा ती पहिल्यासारखी राहिलेली नसते. पुढचा प्रत्येक कुजबुजता ट्रिल आता वेगळा असतो, कारण हा आवाज काय करू शकतो हे आपण जाणतो. गूढ संपत नाही, त्याला धार येते. गर्जनेवाचून ट्रिल म्हणजे सुंदर, दूरचे, मवाळ दुःख. निरोपाच्या कथेला अगदी साजेसे. गर्जनेसह तो भय आहे, राग आहे. १८२४ च्या पत्रातला माणूस त्या नऊ बारांत आहे. त्याला शांत, समंजस मरणोन्मुख संत करून टाकण्याची आपली घाई त्या नऊ बारांनी अडते.

२५/
चौथे साक्षीदार आंद्राश शिफ (जन्म १९५३). पुनरावृत्तीच्या बाजूचे ते सर्वांत आग्रही वकील. त्यांनी आणखी एक प्रश्न पुढे आणला : वाद्याचा. २०१५मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे ध्वनिमुद्रण विएन्नात १८२० च्या सुमारास घडवलेल्या फ्रान्झ ब्रोडमान यांच्या पियानोवर आहे. शुबर्टच्या शहरातले आणि त्याच्याच काळातले वाद्य. योझेफ ब्रोडमान यांच्या हाताखाली शिकलेल्या इग्नाझ ब्योझनडोर्फर याने त्यांचा कारखाना हाती घेतला तो १८२८मध्ये, म्हणजे या सोनाटाच्याच वर्षी. ब्योझनडोर्फर पियानो आजही बनतात.

२६/
या वाद्यावर काय कळते? लाकडी चौकटीच्या, हलक्या तारांच्या या पियानोत स्वर लवकर विरतो. धून जिवंत ठेवायची तर पुढे सरकावेच लागते. रिख्टर यांचे गोठलेले तळे इथे तग धरणार नाही. ते आधुनिक ग्रँड पियानोच्या लांब टिकणाऱ्या नादावर उभे आहे. खर्ज इथे दाट ढगासारखा नाही. त्यातले दोन्ही स्वर वेगवेगळे, थोडे खरखरीत ऐकू येतात. गडगडाट भव्य राहत नाही, पण तो शेजारच्या खोलीत आल्यासारखा वाटतो. आणि ‘अतिशय हळू’ ही सूचना इथे खरोखरच पुटपुटण्याइतकी हळू होते. सारी कृती मोठ्या सभागृहातून मित्रांच्या दिवाणखान्यात परत येते.

२७/
मग रिख्टर चुकले काय? नाही, आणि हे सांगताना मी इतिहासाच्या विद्यार्थ्याचे काम सोडतो असे मला वाटत नाही. शुबर्टच्या पियानोवर जे शक्य नव्हते ते त्याच्या स्वरांत नव्हतेच, असा निष्कर्ष निघत नाही. ‘अगदी मध्यम’ हे दोन शब्द सैल आहेत. लिहिणाऱ्याने ते सैल ठेवले. रिख्टर यांनी त्या सैल जागेत पाऊल टाकले, आणि जे काटेकोर लिहिले होते त्यातले अक्षरही सोडले नाही. ब्रेंडेल यांनी लय सुज्ञपणे निवडली, पण जे काटेकोर लिहिले होते ते गाळले. हे दोन प्रकारचे स्वातंत्र्य आहे आणि त्यांची गल्लत होऊ नये. दस्तऐवजाचा अर्थ लावण्याचा अधिकार प्रत्येक पिढीला आहे. अर्थाला अडचण होते म्हणून दस्तऐवजातले पान काढून ठेवण्याचा अधिकार कुणालाच नाही, फार मोठ्या माणसालाही नाही.

२८/
म्हणून माझा कौल असा. एकच ध्वनिमुद्रण निवडायचे तर मी शिफ यांचे ब्रोडमान पियानोवरचे निवडेन, कारण ते नऊ बारही देते आणि शेवटच्या भागातले हसूही हसू देते. श्नाबेल यांचे ऐकावे ते चालणारा शुबर्ट भेटावा म्हणून. रिख्टर यांचे ऐकावे ते आपल्या कालभानाची परीक्षा पाहण्यासाठी. पण ऐकताना मनात मृत्युलेख वाचू नये. ब्रेंडेल यांचे ऐकावे आणि त्यांचे लेखनही वाचावे, कारण मतभेद असावा तर इतक्या तयारीच्या माणसाशी असावा.

२९/
मृत माणसाला त्याच्या मृत्यूतूनच पाहण्याची सवय फक्त संगीतात नाही. अकाली गेलेल्या प्रत्येक कवीच्या, नेत्याच्या, क्रांतिकारकाच्या प्रत्येक ओळीत आपण शेवटाची चाहूल शोधतो, आणि ती सापडतेच, कारण ती आपणच तिथे ठेवलेली असते. त्यात त्या माणसाचे एक मोठे नुकसान होते. त्याचे बेत, त्याची अपुरी शिकवणी, त्याचा विनोद, त्याचा राग, हे सारे आपण त्याच्याकडून काढून घेतो आणि बदल्यात त्याला एक भव्य सूर्यास्त देतो. त्याने तो मागितलेला नसतो.

३०/
एक प्रयोग सुचवतो. या चारांपैकी कुणाचेही ध्वनिमुद्रण लावा, पण सुरुवात चौथ्या भागापासून करा. तो एकटा ‘जी’ स्वर, ती चुकलेली दारे, ते धावत संपणे ऐका. मग पहिल्या भागाकडे या आणि खर्जातला गडगडाट येईल तेव्हा स्वतःला विचारा : सप्टेंबर १८२८ मधल्या त्या संध्याकाळी, नोव्हेंबर अजून उगवलेला नसताना, हा आवाज कसा ऐकू आला असता? उत्तर प्रत्येकाचे वेगळे येईल. त्या उत्तरात तुम्हाला भय ऐकू आले तर ते शुबर्टचे असेल. निदान दियाबेलीच्या मुखपृष्ठाचे नसेल. धागा इथे संपतो. तुम्ही कुणाचे वादन ऐकता, आणि ते नऊ बार त्यात आहेत का, हे खाली अवश्य लिहा.